सनदेंतील 'जल, पाषाण' व गोमंतकांतील खाणींचे पट्टे

सनदापत्रें वाचण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं आहेत त्यांच्या डोळ्यांस 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेपसहित' हा शब्दसमूह इतका परिचित असतो कीं त्यावरून दृष्टि न थांबतां पुढें घसरते. लिहिणारा कारकून तो एका दमांत लिहितो, वाचणारा एका दमांत वाचतो, आणि छापणारे तर जागा वांचविण्यासाठीं तेथें कित्येकदां नुसतीं टिंबें देऊन मोकळे होतात. त्याच सनदेच्या अखेरीस येणारें 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' हें कलमही असेंच दुर्लक्षिलें जातें. आमचा उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. मोडीचा नाद मागाहून लागला. आणि ह्या दोन वाक्यखंडांकडे आम्हींही इतरांइतकेंच दुर्लक्ष केलें, हें प्रथमच कबूल करतों. दिवचल तालुक्यांतील एक जुनें वांटणीपत्र आणि एक नाहींसा झालेला डोंगर ह्यांनीं आम्हांस त्यांपाशीं परत आणून उभें केलें. ती हकीकत व तीवरून सुचलेले विचार त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडतों.

प्रथम शब्दसमूहाविषयीं थोडें. मराठी सनदांतील ही यादी कोणा पेशवाई कारकुनानें बसविलेली नव्हे. दक्षिणेकडील ताम्रपटांत, विशेषतः विजयनगरच्या दानशासनांत, निधि, निक्षेप, जल, पाषाण, अक्षिणी, आगामी, सिद्ध व साध्य असे आठ भोग सांगून गांव दान दिलेला आढळतो. ह्यांसच अष्टभोग म्हणतात. 'अक्षिणी' म्हणजे काय याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं, पण जल व पाषाण यांविषयीं वाद नको. जमिनीच्या वरचें, जमिनींतलें आणि पुढें होणारें असें सर्व दान घेणाऱ्याकडे एकदम जातें. मराठी सनदेनें तरु, तृण, काष्ठ हीं आणखी आंत घेतलीं व 'आगामी सिद्ध साध्य' हीं बहुधा सोडलीं. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या मुलखांत गवत व लांकूड यांचा हिशेब राजाला अधिक होता, हें त्याचें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

येथें कोणी म्हणेल कीं प्राचीनांस खाणींचा लोभ नव्हता काय? होता, आणि पुरता होता. कौटिल्यानें आकराध्यक्षासाठीं स्वतंत्र अध्याय खर्चिला आहे व कोशाचें मूळ खाणींत पाहिलें आहे. जी खाण खर्चास जड ती भागानें किंवा मक्त्यानें द्यावी, हलकी ती राजानें स्वतः चालवावी, इतका बारीक विचार त्यानें केला आहे. मनूनें भूमींत सांपडणाऱ्या धातूंत राजाचा अर्धा वांटा सांगितला आहे. तेव्हां पूर्वींचे राजे विरक्त होते असें दाखविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. सनदेंत लक्ष वेधतें तें निराळेंच. तेथें पाषाण हा जलापासून तोडून दिलेला नाहीं. ज्याला दगड मिळाला त्यालाच झरा मिळाला, गवत मिळालें आणि झाडही मिळालें. डोंगर फोडला तर झरा ज्याचा बुडावयाचा तोही तोच. शिवाय जे आधींपासून त्या भूमीवर हक्क सांगत आले त्यांना त्या दानांतून वगळलेलें आहे. हें वगळणें सर्वत्र पाळलें गेलें असें नाहीं. हक्कदार व नवा इनामदार यांच्या भांडणांचे निवाडे दप्तरांत हवे तितके पडले आहेत. पण निवाडा मागण्यास जागा होती ती ह्याच चार शब्दांमुळें.

आतां वांटणीपत्राकडे येतों. तीन वर्षांपूर्वीं पावसाळा संपतांच दिवचल तालुक्यांतील एका शेतकरी कुटुंबाकडून आम्हांस निरोप आला कीं घरांत एक मोडी कागद आहे, तो वाचून द्यावा. गेलों. कागद दोन ठिकाणीं कसरीनें खाल्लेला, सुहूरसनाची ओळ नेमकी गेलेली. अक्षरवळणावरून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला ठरविण्यास हरकत नसावी. मजकूर साधा. दोघां भावांनीं कुळागर व वायंगण शेत वांटून घेतलें आहे, झरीचें पाणी वायंगणास पाळीपाळीनें कसें घ्यावें तें लिहिलें आहे, मग चतुःसीमा. पूर्वेस डोंगराचा माथा, दक्षिणेस झरीचा व्हाळ, पश्चिमेस देवाचा आंबा, उत्तरेस शेजाऱ्याचा बांध. जे वाचक गोमंतकांतले नाहींत त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे कीं पावसाच्या पाण्यावर होणारें भात तें सरद, आणि पावसाळा सरल्यावर झऱ्याच्या पाण्यावर घेतलेलें दुसरें पीक तें वायंगण. म्हणजे ह्या कागदाचा सारा जीव त्या झरींत होता.

वाचून झाल्यावर आम्हीं सहज विचारलें कीं ही चतुःसीमा अजून ओळखतां येते काय. घरांतल्या वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस परसदारीं नेलें. उत्तरेचा बांध होता. पश्चिमेचा आंबा पडून गेला असला तरी बुंध्याची जागा दाखवितां येत होती. दक्षिणेस कोरडी घळ होती व तींत तांबडी माती गुडघाभर बसली होती. पूर्वेस कांहींच नव्हतें. कांहीं नव्हतें म्हणजे डोंगर नव्हता. त्याच्या जागीं एक खोल खड्डा, त्यांत हिरवट पाणी, आणि पलीकडे तांबड्या मातीचा ढीग, मूळ डोंगराहून थोडा ठेंगणा. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कागद खरा कीं खोटा एवढें तुम्हीं सांगा. डोंगर कोठें गेला तें आम्हांस ठाऊक आहे."

कागद खरा होता. पण जुन्या पत्राचा खरेपणा आम्ही ज्या गोष्टींवर पारखतों त्यांत भूमीची साक्ष ही एक मोठी गोष्ट आहे. शिक्का बनावट करतां येतो, वळण गिरवितां येतें. डोंगराचा माथा व व्हाळाची वाट बनवितां येत नाहीं. आजवर कागद नाहींसे होतात आणि भूमि राहते, अशाच समजुतीनें आपण संशोधन करीत आलों. येथें उलट झालें होतें.

हा मुलूख मराठी कागदांना परका नव्हे. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराचें देवालय शिवाजीमहाराजांनीं १६६८ त नव्यानें उभारविलें तें ह्याच तालुक्यांत. हरवळ्याचीं लेणीं, लामगांवचीं लेणीं येथून हांकेच्या अंतरावर. दिवचल व सत्तरी हे महाल सांवतवाडीकर भोंसल्यांकडून आणि फोंडें, सांगें, केपें, काणकोण हे सोंदेकरांकडून, असे १७६३ ते १७८८ ह्या अवधींत पोर्तुगीजांकडे गेले व त्यांस नव्या काबिजादी असें नांव पडलें. जुन्या काबिजादींत गांवकऱ्यांच्या चालीरीतींचा 'फोराल' आफोन्सु मेशियानें १५२६ त तयार केला होता. नव्यांतील रीतिरिवाजांची संहिता १८२४ त झाली व १८५३ त सुधारून पुन्हा निघाली. राज्यकर्ता परका असला तरी गांवाचे बांध, पाण्याच्या पाळ्या, देवस्थानची जमीन ह्या गोष्टी कागदावर येत राहिल्या. सत्तरींत राण्यांचे मोकासे व त्यांवरून झालेलीं बंडें हा स्वतंत्र विषय आहे. येथें त्यांत शिरत नाहीं.

ह्या सर्वांहून निराळ्या जातीचा कागद इ. स. १९०६ त आला. त्या सालच्या २० सप्टेंबरच्या फर्मानानें पोर्तुगालनें आपल्या वसाहतींतील खाणींचा कायदा केला. त्याची रीत अशी कीं ज्या कोणास खनिज आढळेल त्यानें त्याची वर्दी म्युनिसिपालिटींत नोंदवावी. मग शोधाचा परवाना. मग अटी पुऱ्या केल्या कीं 'तितुलु', म्हणजे खाणीचें हक्कपत्र. एकेक पट्टा सामान्यतः शंभर हेक्टरांपर्यंतचा. हक्क मुदतीचा नव्हे. सारा भरीत राहिलें व अटी पाळल्या तर निरंतरचा. १९६१ त गोमंतक मुक्त होईपर्यंत असे सातशेंवर पट्टे देऊन झाले होते.

ज्यांस दोन्ही प्रकारचे कागद वाचण्याची संवय आहे त्यांनीं ह्या हक्कपत्राकडे सनद शेजारीं ठेवून पाहावें. सनदेंतील सात वस्तूंपैकीं एक वस्तु हक्कपत्रांत उरली, ती पाषाण. तिच्याभोंवतीं आंखलेली चौकट भूमीच्या आंतली आहे; वरच्या भूमीचा धनी बहुधा दुसराच. जल कोणाचें, तृण कोणाचें, हा प्रश्न त्या कागदास पडतच नाहीं. बागायतदार आपल्या बागेचा धनी राहिला, शेतकरी शेताचा राहिला, देवस्थान राईचें राहिलें. कोणाचें कांहीं घेतलें असें कागदावर कोठेंही दिसत नाहीं. मात्र ज्याला पाषाण मिळाला त्याचा जलाशीं कांहीं संबंध उरला नाहीं, आणि ज्याचें जल गेलें त्याला पाषाणाविषयीं बोलण्यास जागा उरली नाहीं.

हें वेगळें करणें कागदावर सोपें, पण डोंगरांत तें होत नाहीं. आम्ही भूगर्भशास्त्री नव्हों. तरी जाणत्यांनीं समजावून दिलें तें असें. गोमंतकांतील ह्या डोंगरांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचें आच्छादन असतें. तो सच्छिद्र; पावसाळ्यांतलें पाणी तो शोषतो व वर्षभर पायथ्याच्या झऱ्यांवाटे सोडतो. त्याच्या खालीं लोहखनिजाचा जो भुसभुशीत, भुकटीसारखा थर असतो तोही पाणी धरून ठेवणारा. म्हणजे पाणी जेथें सांठतें तोच थर बोटींत घालून परदेशीं पाठवावयाचा थर आहे. सनदेंत 'जल' आणि 'निधि' हे शब्द जवळजवळ आले ते लिहिणाऱ्याच्या मनांत कांहींही असो. डोंगरांत त्यांची पेटी एकच आहे. खाण पाण्याच्या पातळीखालीं गेली कीं खड्ड्यांत चोहोंकडून पाणी उतरतें. तें पंपानें उपसून बाहेर टाकावें लागतें. आणि भोंवतालच्या विहिरी उन्हाळ्याच्या आधींच तळ दाखवितात. शिरगांवच्या खाणींचें प्रकरण न्यायालयांत गेलें तेव्हां हाच मुद्दा पुढें आला होता. लईराई देवीच्या जत्रेनें सर्वत्र ठाऊक असलेल्या ह्या गांवाच्या डोक्यावर तीन बाजूंनीं खाणी आल्या आणि झरे व विहिरी आटल्या.

दुसरी गोष्ट मातीची. एक टन खनिज काढावयाचें तर अडीच ते तीन टन माती व दगड दूर सारावे लागतात. शंभर हेक्टरांच्या पट्ट्यांत खड्डा आणि ढीग दोन्ही मावत नाहींत. मग ढीग पट्ट्याबाहेर, दुसऱ्याच्या किंवा कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर. हक्कपत्रांत खनिजाचें माप आहे, मातीस जागा नाहीं. कोंकणचा पाऊस वर्षाला तीनशें सेंटिमीटरांच्या घरांत. दोन पावसाळ्यांत तो ढीग व्हाळांत, व्हाळांतून भातशेतांत व पुढें मांडवी-जुवारींत उतरतो. आमच्या वांटणीपत्रांतला 'झरीचा व्हाळ' असाच बुजला.

हें सर्व एकाएकीं झालें नाहीं. फर्मानानंतर कित्येक वर्षें पट्टे नांवाचेच होते; मजूर टोपल्यांनीं खनिज वाहत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद-कारखान्यांस गोमंतकाचें खनिज हवेंसें झालें. १९५० नंतर निर्गत झपाट्यानें वाढली आणि यंत्रें आलीं. पुढें चीनची मागणी आली तेव्हां तर जें हलक्या प्रतीचें म्हणून ढिगांत टाकलें होतें तेंही उपसून विकलें गेलें, आणि २०१०-११ त गोव्याहून बाहेर गेलेल्या खनिजाचा आंकडा पांच कोटि टनांवर पोंचला. एवढा लहान प्रांत, आणि त्यांतही सत्तरी ते केपें ही डोंगराची एक अरुंद पट्टी.

मुक्तीनंतर काय झालें? पोर्तुगीज गेले, हक्कपत्रें राहिलीं. केंद्राचा १९५७ चा खाण-कायदा गोव्यास १९६३ त लागू झाला, पण निरंतरचे हक्क व मुदतीचे पट्टे यांचा मेळ बसेना. शेवटीं १९८७ त संसदेनें हे हक्क रद्द करून त्यांस पट्टे मानणारा कायदा केला व त्याचा अंमल मागें २० डिसेंबर १९६१ पासून धरला. त्यावर खाणवाल्यांनीं दावे लाविले. ते चालू असतां उत्खननही चालूच. न्या. शहा आयोगाचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरांत संसदेपुढें आला, राज्य शासनानें खाणी थांबविल्या आणि पुढल्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ चा न्यायालयाचा निर्णय आमच्या मतें प्रत्येक दप्तर-अभ्यासकानें वाचण्याजोगा आहे, कारण तो मुळांत एका जुन्या कागदाच्या मुदतीविषयींचा आहे. १९८७ च्या कायद्यानें मानलेले पट्टे त्याच सालच्या २२ नोव्हेंबरला संपले. एक नूतनीकरण फार तर वीस वर्षांचें. म्हणून २२ नोव्हेंबर २००७ नंतरचें सर्व उत्खनन बेकायदेशीर, असा तो निकाल. 'निरंतर' हा शब्द असा एका तारखेवर येऊन थांबला. पट्ट्याबाहेर माती टाकण्यास त्या निकालानें मनाई केली, वर्षाला दोन कोटि टनांची तात्पुरती मर्यादा घातली व विक्रीच्या दहा टक्के रकमेचा एक कायमचा निधि पुढील पिढ्यांसाठीं ठेवण्यास सांगितलें. निधि हा शब्द सनदेंतल्यापेक्षां येथें वेगळ्या अर्थानें परत आला, याची आम्हांस गंमत वाटली. त्यानंतर शासनानें पुन्हा दिलेलीं अठ्ठ्याऐंशीं नूतनीकरणें ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयानें रद्द केलीं व १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या.

खाणी बंद झाल्यानें सर्वांचें भलें झालें असें लिहिणें खोटें होईल. ज्यांनीं शेतें पडीक पडल्यावर कर्ज काढून ट्रक घेतले ते ट्रक दारांत गंजले. नदींतून खनिज वाहणाऱ्या बार्जी नांगरून पडल्या. हप्ते मात्र थांबले नाहींत. ज्या वृद्ध गृहस्थांच्या घरीं आम्हीं तो कागद वाचला त्यांचा एक मुलगा खाणीवरच ट्रक चालवीत असे. डोंगर गेल्याची खंत आणि खाण बंद पडल्याची खंत एकाच ओटीवर बसलेली आम्हीं पाहिली. ज्याची वायंगण गेली त्याला खाणीवांचून दुसरें पोट उरत नाहीं. तेव्हां खाण हवी असें तो म्हणतो त्यांत त्याची लबाडी शोधणें अन्याय होय.

आतां सनदेच्या दुसऱ्या कलमाकडे वळतों. २०२२ च्या डिसेंबरांत नव्या कायद्याप्रमाणें खाणींच्या गटांचे लिलाव सुरू झाले. त्यांतील एका गटाचें नांव अजून पोर्तुगीज धाटणीचेंच, 'मोंत द शिरगांव', म्हणजे शिरगांवचा डोंगर, असें आहे. दिवचलच्या गटाच्या सीमा जाहीर झाल्या तेव्हां मुळगांव, शिरगांव, लामगांव येथील लोकांस आढळलें कीं आपलीं राहतीं घरें, देवळें, तळीं व शेतें त्या सीमेंत धरलेलीं आहेत. तेव्हांपासून त्यांची मागणी एकच आहे: आमचीं घरें, देवळें, शेतें पट्ट्यांतून वगळा. ही मागणी करणाऱ्यांपैकीं कोणी जुनी सनद वाचली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरी ते मागतात तें 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' हेंच कलम आहे. तें नव्या कागदांत घालावयाचें राहिलें, एवढेंच. सोनशी गांवच्या लोकांनीं २०१७ च्या एप्रिलांत धुळीला व पाण्याच्या टंचाईला कंटाळून खनिजाचे ट्रक अडविले, तर त्यांपैकीं कित्येकांस कोठडींत जावें लागलें. जुन्या निवाड्यांत हक्कदार निदान वादी म्हणून उभा राहत असे.

केपें तालुक्यांतील कावरे येथील वेळीपांची गोष्ट ह्याहून थोडी निराळी. वेळीप, गांवडे व कुणबी हे ह्या डोंगरांतले जुने रहिवासी. त्यांपैकीं वेळीपांकडे कित्येक ठिकाणीं ग्रामदेवतांचें पौरोहित्य परंपरेनें आहे. २००३ त ह्या जमातींस अनुसूचित जमातींत घालण्यांत आलें. देवापान डोंगरावरील खाणीस कावऱ्याच्या लोकांनीं वर्षानुवर्षें विरोध केला, तुरुंग पाहिला आणि तरी माघार घेतली नाहीं. कागद त्यांच्यापाशीं जवळजवळ नाहींत. त्यांचा हक्क डोंगराच्या नांवांत आहे. आणि नांवाची साक्ष आपण संशोधक मानतों, न्यायालयें क्वचित् मानतात.

क्वचित् मानतात, असें म्हणण्याचें कारण ओडिशांतील नियमगिरि. तेथील डोंगरिया कोंध लोक डोंगरास नियमराजाचें स्थान मानतात. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत आला तेव्हां १८ एप्रिल २०१३ च्या निर्णयानें तो ग्रामसभांकडे सोंपविला गेला: देवस्थान व वनहक्क बाधित होतात कीं नाहीं तें त्यांनींच सांगावें. त्या वर्षाच्या जुलै-ऑगस्टांत रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील बाराही ग्रामसभांनीं खाणीस नकार दिला. ज्याचा हक्क कोठल्याही दप्तरांत नाहीं त्याला प्रथम विचारावें, ही गोष्ट आमच्या माहितींतल्या कोणत्याही सनदेच्या पुढें गेलेली आहे, हेंही मान्य केलें पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रांत हा प्रश्न सिंधुदुर्गांत येऊन ठेपलाच आहे. दोडामार्ग तालुक्यांतील कळणें येथें २०२१ च्या जुलैंत खाणीच्या खड्ड्याचा बांध फुटून तांबडें पाणी गांवांत शिरलें. त्याच वर्षीं त्याच तालुक्यांतील हेवाळें-बांबर्डें येथील रानजायफळाची पाणथळ राई शासनानें जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. ती राई इतकीं शतकें टिकली ती भालांडेश्वर देवाच्या नांवावर. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीचें काम चालू असतां सांवतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील पंचवीस गांवांच्या ग्रामसभांनीं आपण होऊन ठराव केले होते कीं आमचे गांव संवेदनशील क्षेत्रांत घ्यावे. समितीनें २०११ च्या ऑगस्टांत अहवाल दिला. ते ठराव हा पुढील काळाच्या अभ्यासकास मोलाचा संग्रह होणार आहे. कोणी त्यांच्या प्रती आतांच जमवून ठेवील तर बरें.

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस एक गोष्ट विशेष लागावी. पोर्तुगीज व मराठे यांच्या संबंधांवर ज्यांच्याइतकें कोणीं लिहिलें नाहीं, गोव्याच्या दप्तरखान्याची दारें ज्यांनीं आपणां सर्वांस उघडून दिलीं, ते पांडुरंग पिसुर्लेकर सत्तरींतील पिसुर्ल्याचे. १८९४ त ते जन्मले तेव्हां खाणींचें फर्मान निघावयास बारा वर्षें होतीं. आज पिसुर्लें हें नांव वर्तमानपत्रांत येतें तें भातशेतांत बसलेल्या खाणीच्या गाळामुळें व त्याच्या नुकसानभरपाईसाठीं खेटे घालणाऱ्या शेतकऱ्यांमुळें. ज्या कागदांत 'पिसुर्लें' हें नांव आपण वाचतों, त्या कागदांतली भूमि तेथें जाऊन ओळखूं म्हटलें तर ती पूर्वींसारखी सांपडणार नाहीं. सांगें तालुक्यांत कुशावतीच्या कांठीं उसगाळीमळ येथें जांभ्या खडकावर कोरलेलीं जीं प्रागैतिहासिक चित्रें १९९३ त प्रकाशांत आलीं, तीं तेथील गांवकऱ्यांनीं वाट दाखविल्यामुळें. खाणींच्या ह्या मुलखांत नदीचा तो खडक राहिला. डोंगरमाथ्यावरच्या जांभ्यावर आणखी काय होतें तें खडकाबरोबर गेलें.

म्हणून ह्या लेखाच्या निमित्तानें एक विनंती करावयाची आहे. ज्यांच्या संग्रहीं दिवचल, सत्तरी, सांगें, केपें किंवा दोडामार्ग, सांवतवाडी ह्या तालुक्यांतील वांटणीपत्रें, खरेदीखतें, देवस्थानच्या सनदा, पाण्याच्या पाळ्यांचे निवाडे असतील, त्यांनीं त्यांतील चतुःसीमेचा भाग तरी उतरून मंडळाकडे पाठवावा. टिंबें देऊं नयेत. 'जल तरु तृण' पूर्ण लिहावें. शक्य असेल त्यानें त्या जागीं स्वतः जाऊन प्रत्येक सीमेपुढें आजची स्थिति नोंदवावी: डोंगर आहे कीं नाहीं, व्हाळ वाहतो कीं नाहीं, झाड कोणतें, दगड हलविलेला कीं जागचा. मोडी वाचतां येत नसेल तर स्वच्छ छायाचित्र पाठवावें. लिप्यंतर आम्ही करून देऊं. कागद मूळ धन्याकडेच राहूं द्यावा. दिवचलचें तें वांटणीपत्र आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस परत दिलें, तें त्यांच्या पत्र्याच्या पेटींत आहे. आमच्यापाशीं नकल आहे, व तिच्या समासांत पूर्वेच्या सीमेपुढें आम्हीं लिहून ठेविलें आहे: खड्डा, पाण्यानें भरलेला, खोली मोजतां आली नाहीं.